460 कोटी वर्षं आणि टॉयलेट पेपरचे तीन रोल

शाळेतून निरोप आला: सोमवारी बुटांचा रिकामा खोका आणि टॉयलेट पेपरचे तीन रोल पाठवा. इंग्लंडात येऊन चार वर्षं झाली, तरी अशा निरोपांची सवय होत नाही. खोक्याचं एक वेळ समजू शकते, पण रोल? लेकीला विचारलं तर म्हणाली, "अगं आई, पृथ्वीचं वय मोजायचंय," आणि बूट भिरकावून आत पळाली.

ती इयर थ्रीमध्ये आहे, वय साडेसात. तिच्या शाळेत सहा-सात आठवडे एकच सूत्र धरतात आणि जमतील तितके विषय त्याभोवती फिरवतात. त्याला 'टॉपिक' म्हणतात. या वेळचा टॉपिक होता प्राचीन समुद्रातले जीव. निमित्त अभ्यासक्रमातलंच, कारण इयर थ्रीच्या विज्ञानात खडक आहेत आणि जीवाश्म कसे तयार होतात हेही तिथेच येतं. मला वाटलं, झालं, आता दीड महिना नुसती चित्रं रंगवणार. आमच्या आजींनी तर व्हिडिओ कॉलवर थेटच विचारलं, "माशांत गणित कुठून आणणार?"

गणित त्या रोलमध्ये होतं. कागदाचा एक चौकोन म्हणजे एक कोटी वर्षं. पृथ्वीचं वय साधारण 460 कोटी, म्हणजे 460 चौकोन. मैदानावर पसरले तर जवळपास 55 मीटर. पहिल्या प्रयत्नात वाऱ्यानं दोन ठिकाणी फाडले, मग सगळी वरात हॉलच्या कॉरिडॉरमध्ये गेली आणि पट्टी घडी घालून परत आणावी लागली. पहिले 400 चौकोन मुलं भराभर चालत गेली, कारण तिथे सूक्ष्मजीवांखेरीज दाखवण्यासारखं फारसं काही नाही. शेवटून 20 व्या चौकोनावर इक्थिओसॉर, म्हणजे माशासारखा दिसणारा समुद्री सरीसृप, पोहतोय. सातव्यावर डायनोसॉर आणि वेटोळ्या शंखात राहणारे अमोनाइट संपतात. आणि माणूस? तीन लाख वर्षं म्हणजे शेवटच्या चौकोनाच्या कडेचे साडेतीन मिलिमीटर. लेकीनं पेन्सिल आडवी ठेवून दाखवली, ती पेन्सिलच जास्त जाड होती.

घरी यावरून आमची वेगळीच शिकवणी झाली. इक्थिओसॉर किती वर्षांपूर्वीचा, तर शाळेत ती 'टू हंड्रेड मिलियन' शिकलेली, मी म्हणाले वीस कोटी. "मग बरोबर कोण?" या प्रश्नावर अर्धा तास गेला. दहा लाख म्हणजे एक मिलियन, दहा मिलियन म्हणजे एक कोटी. शून्यं तीच, स्वल्पविराम वेगळ्या जागी. हे तिला कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या पट्टीवर लवकर कळलं.

इतिहासाच्या तासाला आली मेरी ॲनिंग. 1799 साली डॉर्सेटमधल्या लाइम रीजिस गावात जन्मलेली सुताराची मुलगी. वडील 1810 मध्ये वारले, आणि किनाऱ्यावरचे जीवाश्म वेचून विकणं हाच घरचा आधार झाला. पुढच्या वर्षी तिच्या भावाला एक मोठी कवटी सापडली, आणि 1812 मध्ये मेरीनं उरलेला बराचसा सांगाडा शोधून काढला. सुमारे 17 फुटांचा इक्थिओसॉर! तो 23 पौंडांना विकला गेला आणि 1819 मध्ये लिलावात 45 पौंडांना. नफा किती आणि तो कुणाला मिळाला, हा त्या दिवसाचा गृहपाठ. उत्तरातला दुसरा भाग गणिताचा नव्हताच. 1823 मध्ये मेरीनं प्लेसिओसॉर या दुसऱ्या समुद्री सरीसृपाचा पूर्ण सांगाडा काढला. त्याच्या लांबलचक मानेवर फ्रान्सच्या क्युव्हिएसारख्या जीवाश्मांच्या पंडितालाही आधी विश्वास बसेना. पुढच्या वर्षी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत, म्हणजे भूशास्त्रज्ञांच्या संस्थेत, त्यावर भाषण झालं, त्यात मेरीचं नाव नव्हतं. त्या सोसायटीत स्त्रियांना सभासदत्व मिळालं ते 1919 मध्ये.

इंग्रजीच्या तासाला मुलांनी मेरी होऊन सोसायटीला पत्र लिहिलं. लेकीचं पत्र तीन ओळींचं: "मी शोधला. तुम्ही वाचून दाखवलात. माझं नाव विसरलात की मुद्दाम?" बाईंनी खाली फक्त 'चांगला प्रश्न' एवढंच लिहिलं होतं. मला ते फार आवडलं.

सगळंच जमलं असं नाही. संगीताच्या तासाला 'जुरासिक समुद्राचा आवाज' म्हणून तांदूळ भरलेल्या बाटल्या हलवल्या, तो मला ओढूनताणून आणलेला प्रकार वाटला. सातचा पाढा त्या दीड महिन्यात मागे पडला तो पडलाच, आमच्या स्वयंपाकघरात बसून पुरा करावा लागला. उलट पीटीचा तास अफलातून. प्लेसिओसॉरला पायांऐवजी चार वल्ही. ती एकदम हलायची की आळीपाळीनं, यावर शास्त्रज्ञ आजही वाद घालतात. मुलांनी दोघादोघांचा एक प्लेसिओसॉर करून दोन्ही पद्धतींनी हॉलभर 'पोहून' पाहिलं आणि धडाधड एकमेकांवर आपटली.

चित्रकलेची गोष्ट तर मलाही माहीत नव्हती. बेलेम्नाइट हा माकुळासारखा (स्क्विडसारखा) प्राचीन समुद्री प्राणी. त्याच्या जीवाश्मात कधी कधी शाईची पिशवीही टिकते. मेरीची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉटनं ती वाळकी शाई पाण्यात खलून 1833 मध्ये इक्थिओसॉरचं चित्र काढलं. म्हणजे शाई आणि चित्रातला प्राणी, दोघंही एकाच समुद्रातले शेजारी.

सुट्टीत मग आम्ही लाइम रीजिस गाठलंच. मेरीचं घर होतं त्या जागेवर आता गावचं संग्रहालय आहे, आणि 2022 पासून तिचा पुतळाही, एका शाळकरी मुलीनं लावून धरलेल्या मागणीतून उभा राहिलेला. किनाऱ्यावर जायचं ते ओहोटीची वेळ बघून. कड्याखाली उभं राहायचं नाही, कारण दरडी कोसळतात. 1833 च्या अशाच दरडीत मेरीचा कुत्रा ट्रे गेला, ती थोडक्यात वाचली. कड्यावर हातोडा चालवायचा नाही, खाली सुटा पडलेला दगड मात्र उचलू शकता. किनाऱ्याच्या पश्चिमेला एका सपाट खडकात गाडीच्या चाकाएवढे अमोनाइट जागच्या जागी रुतलेले दिसतात. लेक एकाच्या मधोमध मांडी घालून बसली आणि म्हणाली, "हा तर आपल्या देव्हाऱ्यातला!"

खरंच होतं. आजींनी इकडे येताना दिलेला गंडकीचा शाळिग्राम म्हणजेही अमोनाइट. हिमालय उठायच्या आधी तिथे समुद्र होता, त्याच्या तळातला. आम्हाला त्यात विष्णूचं चक्र दिसतं. इकडे उत्तरेला व्हिटबीच्या लोकांना त्यात वेटोळं घातलेला साप दिसला. संत हिल्डानं सापांचे दगड केले अशी कथा आहे, आणि विक्रेते तर त्यावर सापाचं तोंडही कोरून द्यायचे.

लेकीला मात्र अमोनाइट मिळाला नाही. मिळाला एक काळपट, लांबट गोटा. वाटाड्यानं उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, बहुधा कॉप्रोलाइट. मेरीला असे गोटे इक्थिओसॉरच्या पोटाशी सापडायचे. तिनं फोडून पाहिले तर आत माशांची हाडं आणि खवले! त्यावरून भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी 1829 मध्ये ठरवलं की ही प्राण्यांची शी आहे, दगड झालेली. 'पुरावा म्हणजे काय' हे यापेक्षा नीट मला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं तो स्वच्छ धुतला आणि मी बघायच्या आत शाळिग्रामाशेजारी मांडला. संध्याकाळी आजींचा कॉल आला. फोन देव्हाऱ्याकडे वळवल्यावर त्यांनी चष्मा सावरला, नवा दगड पाहिला, काही विचारलं नाही, दोन्ही हात जोडून मनोभावे नमस्कार केला. लेक तोंडावर उशी दाबून सोफ्यामागे लोळत होती.