सिपनेच्या काठचे पंजे

पहिल्याच सकाळी वाटेवर एक अनवाणी पाऊल दिसलं. लहान मुलाचं वाटावं असं. टाच, मधला निमुळता भाग, पुढे ओळीनं बोटं. सेमाडोहपासून बरंच आत, सागाच्या रानात आम्ही नुकतंच चालायला लागलो होतो. गारठा असा की दोन स्वेटर घालूनही दात वाजत होते. एवढ्या थंडीत कुणाचं पोर इकडे आलं असेल?

वनमजूर काका उकिडवे बसले. हातातल्या गवताच्या काडीनं त्यांनी बोटांच्या पुढे, चांगलं दोन बोटं अंतर सोडून उमटलेले बारीक ओरखडे दाखवले.

"नखं पाहा, ताई. अस्वल हाय."

मग मला दिसायला लागलं. बोटं जवळजवळ एका सरळ रेषेत होती, आणि मोठं बोट आपल्यासारखं आतल्या बाजूला नव्हतं, बाहेरच्या बाजूला होतं. म्हणजे मी ज्याला डावं पाऊल समजत होते ते उजवं होतं. थोडं पुढे पुढच्या पायाचा ठसाही सापडला, आखूड आणि रुंद. त्याच्यापुढची नखं तर कुणी दाताळं टेकवल्यासारखी. शेजारच्या वारुळाला ताजं भगदाड होतं आणि ओली माती बाहेर पडलेली होती.

जानेवारी २०१८ ची गोष्ट आहे. दर चार वर्षांनी होणारी देशभरची व्याघ्रगणना तेव्हा चालू होती आणि मी स्वयंसेवक म्हणून मेळघाटात गेले होते. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोहला पोचलो. तिथे आमची वाटणी झाली. माझ्या वाट्याला आलेल्या बीटमध्ये, म्हणजे एका वनरक्षकाच्या गस्तीच्या टापूत, एक तरुण वनरक्षक आणि साठीकडे झुकलेले हे कोरकू आदिवासी काका होते. पहिले तीन दिवस मांसाहारी प्राण्यांच्या खुणा शोधत रोज किमान पाच किलोमीटर चालायचं, पुढचे तीन दिवस ठरलेल्या दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर तृणभक्षी मोजायचे. सगळी नोंद मोबाइलमधल्या ॲपवर. मी इथे पहिल्या तीन दिवसांबद्दलच लिहिणार आहे, कारण माझं मन अजून तिथेच अडकलंय.

आमची वाट सिपनेच्या काठाकाठानं होती. कोरकूत सिपना म्हणजे साग. नदीला झाडाचं नाव कसं, असा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर पडत नाही. जानेवारीत सागाची पानं गळायला लागतात आणि वाळलेली पानं पापडासारखी वाजतात, म्हणून कुठलंच जनावर आम्हाला आयतं दिसणार नव्हतं. आमच्या हाती होती ती फक्त जमीन: गाडीरस्त्याचा पिठासारखा फुफाटा, नाल्यातली ओली रेती, पाणवठ्याकाठचा चिखल.

काकांनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते उभं कुठं राहायचं. ठसा आपल्या आणि सूर्याच्या मधे ठेवायचा. सकाळचं तिरपं ऊन समोरून आलं की पंजाच्या कडांची सावली आतल्या खळग्यात पडते आणि ठसा जमिनीतून वर आल्यासारखा दिसतो. तोच ठसा पाठीवर ऊन घेऊन पाहिला तर नाहीसा होतो. मी चार पावलं मागे-पुढे करून पाहिलं, आणि खरंच एक अख्खा पंजा माझ्या डोळ्यांदेखत येत-जात राहिला.

मांजरकुळ आणि कुत्रेकुळ वेगळं करणं पुस्तकात सोपं असतं. मांजर चालताना नखं आत ओढतं, कुत्र्याची नखं उमटतात. पण सुक्या फुफाट्यात कुत्र्याची नखंही बुजतात आणि निसरड्या चिखलात वाघही नखं रोवतो. म्हणून काका नखांवर थांबत नव्हते, बोटांची मांडणी बघत होते. कुत्र्याच्या पंजाची मधली दोन बोटं शेजारीशेजारी, सारख्या उंचीवर असतात. मधे उभी रेघ मारली तर दोन्ही अर्धे सारखे. मांजराच्या पंजात आपल्या हातासारखं एक बोट इतरांच्या पुढे असतं, त्यावरून डावा-उजवाही ओळखता येतो. आणि मांजराच्या गादीला, म्हणजे बोटांच्या मागे उमटणाऱ्या मोठ्या मांसल भागाला, खालच्या कडेला तीन पाकळ्या असतात. हे कळल्यावर मी दिवसभर तीन पाकळ्याच शोधत होते.

दुपारी एका वळणावर मला मोठा ठसा सापडला. नखं स्पष्ट होती, म्हणजे कुत्रेकुळ. आकारावरून मी म्हटलं, लांडगा. त्याच्यामागे दुसरा ठसा होता, बराच लहान. म्हणजे दोन प्राणी, मोठा आणि लहान, असा माझा हिशेब. वनरक्षकानं मला ती ओळ शेवटपर्यंत चालायला लावली. मोठा, लहान, मोठा, लहान, असं वीस-पंचवीस पावलं. दोन प्राणी इतक्या शिस्तीत चालत नाहीत. प्राणी एकच होता, त्याचे पुढचे पंजे मोठे आणि मागचे लहान: तडस. सगळं बळ मान आणि खांद्यात, मागचा भाग उतरता, ते शरीरच असं जमिनीवर उमटलं होतं. पुढे रस्त्याच्या कडेला खडूसारखी पांढरी विष्ठा दिसली. हाडं चावून खाणाऱ्याची विष्ठा वाळली की चुन्यामुळे पांढरी पडते.

तेव्हापासून मी एकट्या ठशावर बोलणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी वाघ भेटला. म्हणजे त्याचा पंजा. इथले लोक त्याला कुला मामा म्हणतात. कोरकूत कुला म्हणजे वाघ. नाल्याच्या ओल्या रेतीत तो ठसा एवढा पसरलेला होता की माझा तळहात त्यात मावून वर जागा उरली. "केवढा मोठा नर असेल!" मी हळूच म्हटलं. काका काहीच बोलले नाहीत. ते नाला ओलांडून पलीकडच्या रस्त्यावर गेले आणि तिथून त्यांनी मला हाक मारली. बारीक, दाबून बसलेल्या धुळीत तोच माग पुढे चालला होता, पण पंजा आता लहान, नेटका, बोटं किंचित लांबट. ओल्या रेतीत वजनानं कडा ढासळतात आणि ठसा फुगतो. नराचा पंजा साधारण चौकोनी असतो, मादीचा लांबट. ही वाघीण होती.

"रेतीत नर दिसून राह्यला, धुळीत मादी," काका म्हणाले. "जनावर तं एकच हाय ना."

संध्याकाळी चुलीपाशी बसल्यावर काकांनी जुन्या गणनेच्या गोष्टी सांगितल्या. त्यांच्या तरुणपणी मोबाइल नव्हता, काच होती. ठशावर काच ठेवायची, वरून स्केचपेननं कडा गिरवायच्या, मग ते चित्र कागदावर उतरवायचं. रस्त्यावर जागोजागी चाळलेली माती पसरून पट्टे करायचे, ज्यांना आजही सगळे 'पीआयपी' (पग इम्प्रेशन पॅड, ठसे उमटवायची जागा) म्हणतात, आणि रोज पहाटे कालचे ठसे झाडूनं पुसायचे. ही पद्धत १९६६ मध्ये ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी बसवली. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत तिच्यावरून १८२७ वाघ मोजले गेले. पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या ९ क्षेत्रांत मेळघाटही आलं.

पण पद्धतीचा पाया असा होता की प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा ओळखता येतो. आणि मी त्याच दिवशी एकाच वाघिणीचे दोन वाघ करून बसले होते. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि २००५ च्या सुमाराला कळलं की रानात एकही उरलेला नाही. त्यानंतर ठशांवरून वाघ मोजणं मागे पडलं, अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखता येईल असे फोटो काढणारे कॅमेरे आले, आणि २००६ च्या नव्या अंदाजात देशातले वाघ १४११ निघाले. ते योग्यच झालं असं मला मनापासून वाटतं. वाघाचे पट्टे जमिनीप्रमाणे बदलत नाहीत. पण कॅमेरा कुठल्या झाडाला बांधायचा हे अजूनही पायांखालची धूळच सांगते, आणि ती वाचणारी माणसं आता म्हातारी होत चाललीत. आमच्याबरोबरचा वनरक्षक हुशार होता, ॲप त्याच्या बोटांवर होतं, तरी दर शंकेला तो काकांकडेच बघत होता. काकांचं हे ज्ञान कुठल्याच रकान्यात भरायची सोय नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी ठसे दिसायला लागले ते अगदी निघाल्या निघाल्याच. आधी चितळाची टोकदार खुरं, मग त्याहून मोठी सांबराची. एका जागी रानडुकराची खुरं, त्यांच्यामागे बाहेरच्या बाजूला दोन ठिपक्यांसारखे उमटलेले वरचे खूर. सायाळीच्या मागाशेजारी धुळीत काट्यांच्या टोकांनी ओढलेल्या बारीक रेघा. मग मला बिबट सापडला: तीन पाकळ्या, नखं नाहीत, माझ्या मुठीपेक्षा थोडा मोठा. या वेळी मी एकट्या ठशावर बोलले नाही, दहा-बारा पंजे मोजले, पट्टीनं मापलेही. वनरक्षकानं ॲप उघडलं.

काका पुढे गेले होते. त्यांनी हात वर केला.

पन्नासेक पावलांवर रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं कालच्याच वाघिणीसारखा माग येऊन मिळत होता, आणि माझा बिबट तिच्या बाजूनं कधी पुढे, कधी मागे, कधी सरळ तिच्या ठशावर पाय देत चालला होता. वाघिणीबरोबर बिबट असा चालत नाही. ते तिचं पिल्लू होतं. वाढत्या वयातल्या वाघाच्या बच्च्याचा पंजा मोठ्या बिबट्याएवढा भरतो. नुसता तो पंजा बघून मीच काय, कुणीही चुकलं असतं.

माझ्या पोटात गोळा आला. पिल्लू बरोबर असलेल्या वाघिणीच्या वाटेवर आपण उभे आहोत! काका मात्र खाली वाकून दुसरंच काही बघत होते. पहाटे सागाच्या पानांवरून दव टपकतं आणि खालच्या धुळीत देवीच्या वणांसारखे बारीक खळगे पडतात. पंजांच्या आत, गादीवर, बोटांवर, सगळीकडे ते खळगे होते. एका ठशावरून कुठलासा किडा टाके घालत गेल्यासारखी बारीक नक्षी उमटली होती. दव पडायच्या आधी, रात्री केव्हातरी दोघं इथून गेली होती. ठसा ताजा असता तर त्यानं ते खळगे मोडले असते.

"गेली ते," काका म्हणाले. नेहमीच्या, मोठ्या आवाजात म्हणाले, आणि त्यानंतर आम्हीही मुद्दाम बोलतच चाललो.

वळणावर नदी दिसते तिथे ती बसली होती. धुळीत तिच्या पुढच्या दोन्ही पायांचे लांब ठसे कोपरापर्यंत उमटले होते, मागे पोटाचा आणि मांडीचा गुळगुळीत खळगा होता, आणि डाव्या अंगाला शेपटीनं जमीन झाडून अर्धवर्तुळ केलं होतं. तिथून खालचा पाणवठा पुरा दिसत होता. तिच्याभोवती पिल्लाच्या पंजांचा नुसता गोंधळ. एके ठिकाणी ते घसरलं होतं, तिथे चारही नखं खोल गेली होती. बराच वेळ खेळलं असावं आणि ती नुसती बसून राहिली असावी.

वनरक्षकानं फोटो काढले, जागेची नोंद केली. मी पट्टी बाहेर काढली आणि तशीच परत ठेवली. काकांनी चप्पल काढून कपाळाला हात लावला. मग चप्पल घालून ते रस्ता सोडून कडेच्या गवतात उतरले आणि त्या जागेला वळसा घालून पलीकडे वर आले. त्यांच्यामागून वनरक्षक आणि सगळ्यात शेवटी मी, दवानं भिजलेल्या त्याच गवतातून गेलो.