‘दोष आढळला नाही’

दोन हिवाळ्यांपूर्वी बोट पाण्याबाहेर काढली तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो. चार्टप्लॉटर, म्हणजे सागरी नकाशावर बोटीची जागा दाखवणारा स्क्रीन, काढून घरी आणला, कोरड्या कपाटात ठेवला. बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून वायरी सोडवल्या, बोटीवर आच्छादन घातलं आणि हात झटकले.

हंगाम सुरू होताना प्लॉटर बसवला. बटण दाबलं, कंपनीचं चिन्ह उमटलं आणि स्क्रीन काळी. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मल्टिमीटर लावून प्लगवर पाहिलं तर 12.6 व्होल्ट. म्हणजे वायर ठीक, खोट प्लॉटरचीच, असं मी ठरवूनच टाकलं.

मग सर्व्हिस सेंटरचा फॉर्म. ‘उपकरण पाण्याच्या संपर्कात आले होते का?’ खाली दोनच चौकटी, हो आणि नाही. बोटीवरच्या वस्तूबद्दल ‘नाही’ कुठल्या तोंडाने लिहायचं? आणि ‘हो’ लिहिलं तर वॉरंटी गेली. मी ‘नाही’वर खूण केली. तीन आठवड्यांनी प्लॉटर परत आला, सोबत एका ओळीचं पत्र: तपासणीत दोष आढळला नाही. बोटीवर लावला. चिन्ह, काळोख.

दुसऱ्यांदा पाठवला, व्हिडिओसकट. आणखी तीन आठवडे. पत्र तेच, फक्त तारीख नवी. फोन केला.

‘सर, आमच्या टेबलावर चार तास चालू होता.’

‘अहो, माझ्या बोटीवर चार सेकंद चालत नाही!’

‘मग बोटीवर बघून घ्या ना, सर.’

मी फोन आपटला. वैताग याचा की पोरगं बरोबर बोलत होतं. ते तपासतात स्वतःच्या केबलवर. माझी केबल बोटीतच होती आणि अख्ख्या फॉर्ममध्ये तिच्याबद्दल एक प्रश्न नव्हता.

शेवटी गाडीचा जुना 12 व्होल्टचा बल्ब त्या प्लगला जोडला. बल्ब मिणमिणला आणि मीटर 8च्या खाली आला. मल्टिमीटर करंट जवळपास घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या पिनमधूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. भार पडला की खरं काय ते कळतं. प्लग उघडला तर एका पिनेवर हिरवी भुकटी. वायर सोलली तर आतलं तांबं बोटभर काळं पडलेलं.

म्हणजे प्लॉटर मी कपाटात जपला आणि त्याचा प्लग पॅनेलमागे उघडा लोंबकळत सोडला. दिवसा केबिन तापते, रात्री गार पडते आणि गार धातूवर दव धरतं. शिवाय पिनांवर समुद्राचं मीठ असलं तर दवाचीही वाट पाहावी लागत नाही; हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. आयपी67 हा जलरोधकतेचा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग, पण ते उपकरणापुरतं. सुट्या प्लगला कोण विचारतो?

स्वच्छ तांबं लागेपर्यंत वायर कापली, कथिल चढवलेल्या तारेचा तुकडा जोडला, सांध्यावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी) नळी चढवली, नवा प्लग बसवला. चालू! सगळं मिळून तासाभराचं काम.

नंतरच्या हिवाळ्यात प्रत्येक प्लग गोड्या पाण्याच्या ओलसर फडक्याने पुसला, वाळू दिला, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला, टोपी लावली आणि तोंड खाली करून बांधला. फ्यूजहोल्डरही उघडून बघा, तिथेही हीच हिरवळ उगवते.

कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवत असाल तर पॅनेलच्या वर कधीही नको. ते ओल शोषतात, पण त्याचं खारं पाणी होतं, आणि ते तारांवर सांडलं तर समुद्र बरा. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, घेताना कॉम्प्रेसरवाला घेऊ नका, थंड केबिनमध्ये तो जेमतेम चालतो. ओल शोषणाऱ्या चाकाचा घ्या, आणि तो चालू असताना झरोके बंद ठेवा. नाहीतर बाहेरची हवा वाळवत बसाल. घरी आणलेलं उपकरण लगेच प्लास्टिकमध्ये आवळू नका, आतली ओल आतच राहते. आधी दोन दिवस उघडं ठेवा, मग सिलिका जेलसोबत बंद करा.

यंदा प्लॉटर लावण्याआधी बल्ब जोडून पाहिला. 12.4. त्या पोराला फोन करून सांगावंसं वाटलं, पण म्हटलं, परत फॉर्म भरायला लावेल.