खाचेचा दगड

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी फोन आला तेव्हा बाई म्हणाल्या, "शाळेतला सगळ्यात आनंदाचा दिवस लिहा." मी हो म्हणालो आणि मग दोन आठवडे कागदाला हात लावला नाही. कारण माझ्या मनात जो दिवस पहिल्यांदा आला, तो १९९४ च्या उन्हाळ्यातला आहे. तेव्हा भूकंपानं आपल्या गावात एक घर धड उभं नव्हतं. माझी आई आणि धाकटी बहीण जाऊन आठ महिने झाले होते. अशा वर्षातला दिवस आनंदाचा म्हणून कसा लिहायचा? पण खरं तेच आहे, म्हणून तेच लिहितो.

मी आठवीत होतो. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या बाजूला जमीन अधूनमधून गुरगुरायची. लोक काही दिवस बाहेर झोपले, मग सवय झाली आणि पुन्हा आत झोपायला लागले. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं. मी पोरांबरोबर मोकळ्या मंडपातच आडवा झालो. बा शेतात जागलीला होता. म्हणून आम्ही दोघं राहिलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं, ते आपल्यापैकी ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना मला नीट सांगता येत नाही. मागून पाऊस लागला. चिता पेटत नव्हत्या. एवढंच.

पण एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माझा बा गवंडी होता. त्याचा बापही गवंडी, आजाही. आपल्या जुन्या गावातली निम्म्याहून जास्त घरं आमच्या घरच्या हातांची. आपल्याकडचं घर म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचं सपाट छप्पर. अडीच-तीन फूट रुंद भिंत. भिंत जेवढी रुंद, तेवढं घर तालेवार. बाहेरून एक दगडी तोंड रचायचं, आतून दुसरं, आणि मधल्या पोटात माती नि बारके दगड कोंबायचे. दोन्ही तोंडांना एकत्र धरणारं मध्ये काहीच नाही. माळवदावर दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा, दोन-दोन हात माती साठायची. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊबदार. जमीन हलली तेव्हा भिंतीची दोन तोंडं दोन बाजूंना सुटली आणि वरची माती खाली आली. लाकडी खांब पुष्कळ ठिकाणी तसेच उभे होते.

हे बाला कुणी सांगावं लागलं नाही. तो दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यांतून फिरला आणि कुठली भिंत कशी फुटली ते पाहून आला. रात्री मला म्हणाला, "माणसं भुईनं मारली न्हाईत लेकरा. माझ्या भितीनं मारली." त्यानंतर त्यानं थापी हातात धरली नाही. ओळंबा, गुण्या, हातोडा, सगळं ढिगाऱ्याखालून सापडलं होतं. ते त्यानं पोत्यात बांधून शेडच्या कोपऱ्यात टाकलं. आमचे दिवस पत्र्याच्या शेडमध्ये मिळालेल्या धान्यावर जात होते. बा बोलायचा नाही, रडायचाही नाही. मला त्याच्या रडण्यापेक्षा त्या पोत्याची जास्त भीती वाटायची.

शाळा दिवाळीनंतर पत्र्याच्या शेडमध्ये भरली. रात्री भूकंप झाल्यामुळे जुन्या इमारतीत कुणी नव्हतं, पण तिची एक बाजू बसली होती. हेडसर आणि शिपाईमामांनी मोडक्या कपाटातून जनरल रजिस्टर बाहेर काढलं. पावसानं पानं चिकटली होती. दाखल्याशिवाय कुणालाच काही मिळत नव्हतं, म्हणून ती नवीन वहीत उतरवणं भाग होतं. अक्षर बरं म्हणून सरांनी मला बसवलं. रोज शाळा सुटल्यावर मी नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव उतरवत जायचो. शेवटचा रकाना 'शाळा सोडल्याचे कारण'. सर म्हणाले, "तो कोरा ठेव, तो मी भरतो." माझ्या बहिणीचं नाव आलं त्या दिवशी सरांनी माझ्या हातातून टाक घेतला आणि ती ओळ स्वतः उतरवली. एका शब्दानं काही बोलले नाहीत. पन्नास वर्षांत या शाळेनं पुष्कळ काही दिलं असेल, मला दिलेलं सगळ्यात मोठं देणं ती एक ओळ आहे.

त्या शेडमध्ये ऊन लागलं की पत्रा तापायचा, पाऊस आला की शिकवणं ऐकू यायचं नाही. मग सर पुस्तक मिटायचे आणि गाण्याच्या भेंड्या लावायचे. मधूनच धक्का बसायचा, आम्ही शेतात पळायचो आणि पाच मिनिटांत परत येऊन बसायचो. मुलं खेळायचं विसरली नव्हती. मोठ्यांना ते जड गेलं.

फेब्रुवारीत हेडसर आमच्या शेडमध्ये आले. मुलींसाठी आडोसा हवा होता. चार-पाच मोठ्या मुली त्यापायी शाळेत यायच्या बंद झाल्या होत्या. बा म्हणाला, "मी भित बांधत न्हाई सर." सर पुन्हा आले, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी फक्त कुठल्या मुली येत नाहीत त्यांची नावं सांगितली. त्यातली एक माझ्या बहिणीच्या मैत्रिणीची थोरली बहीण. बा बराच वेळ गप्प राहिला. नाही म्हणाला नाही.

त्याच सुमारास गावोगावच्या गवंड्यांना शिकवायला एक तरुण इंजिनिअर आला होता. शाळेच्या पटांगणात त्यानं काडीनं मातीत भिंतीचं चित्र काढलं. भिंत दीड फुटाच्या वर रुंद करायची नाही. दर दोन फूट उंचीवर आणि दर चार फूट अंतरावर एक लांब दगड असा घालायचा, की तो या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाईल. कोपऱ्यात भिंती एकमेकींत गुंतवायच्या. जोत्यावर आणि दरवाजाच्या वर सळईचा काँक्रीट पट्टा फिरवायचा. बा मागे उभा राहून ऐकत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं, "हे आधी कुणी का न्हाई सांगितलं?" त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. त्यानं सबब सांगितली नाही. म्हणाला, "काका, सरकारी नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याचा होता." पुढे मी स्थापत्याची पदविका केली आणि नोकरीत लागलो, त्यानंतर २००२ चा नवा नकाशा आला. त्यात आपला भाग जास्त धोक्याच्या, तिसऱ्या विभागात दाखवला होता. मी तो नकाशा टेबलावर पसरून बराच वेळ बसून होतो.

एप्रिलमध्ये बानं पोतं सोडलं. दगड जुन्या गावातूनच आणायचा होता, गाडी भरभरून. साधे दगड हवे तेवढे होते, लांब दगड मिळत नव्हते. बा ढिगारे धुंडाळत फिरायचा, मी मागून. असंच एका दुपारी आम्ही आमच्या घराच्या जागेवर पोचलो. दारासमोरची पायरी तशीच होती. तीन फूट लांब, काळा दगड. आई तिच्या एका टोकाशी बसून खुरपं पाजळायची. वर्षानुवर्षं घासून तिथे बोटभर खोल, गुळगुळीत खाच पडली होती. बानं त्या खाचेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता हा बसतो खाली. पण तो म्हणाला, "ह्यो चालंल. मधून फोडला की दोन निघतील."

मे महिन्यात, सुट्टीत, आम्ही आडोसा बांधला आणि तीच भिंत पुढे पाण्याच्या टाकीपर्यंत नेली. मी मसाला कालवायचो. सिमेंटचं काम बालाही नवं होतं. एक दिवस टाकीजवळचा तिसरा थर चालू होता. बानं पायरीचा खाचेचा तुकडा उचलून जागेवर ठेवला. ओळंबा सोडला, दगड हलवला, परत सोडला. सगळी भिंत सुतात होती, आणि हा एकच दगड त्यानं चार बोटं बाहेर काढून बसवला, खाच वरच्या अंगाला येईल असा. आयुष्यात त्यानं भिंतीबाहेर कधी एक दगड सोडला नव्हता. मी काही विचारलं नाही. त्यानं हात मागे केला, मी घमेलं पुढे केलं, आणि तो कडाडला, "अरं, पातळ केलास की मसाला! डोळे कुटं हायत तुझे?"

आठ महिन्यांत बा माझ्यावर पहिल्यांदा ओरडला होता. मी घमेलं खाली ठेवलं आणि रडायला लागलो, आणि रडता रडता मला हसू यायला लागलं. बा आधी गोंधळला. मग तोही हसला. टाकीजवळ हेडसर उभे होते, ते काही न बोलता ऑफिसकडे वळले. बाई, माझ्या शाळेतला सगळ्यात आनंदाचा दिवस तो. जूनमध्ये त्या मुली शाळेत आल्या.

पुढचं थोडक्यात. नव्या गावात ज्याची जेवढी शेतजमीन त्या मापानं घरं मिळाली, २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची, आणि जुन्या गल्लीतले शेजारी तीन वेगळ्या भागांत विखुरले गेले. ते दुःख अजून आहे, ते मी लपवणार नाही. बा मात्र परत गवंडी झाला. आसपासच्या गावांत घरांच्या बळकटीकरणाची कामं निघाली तेव्हा जुन्या भिंतींना आरपार दगड बसवायला त्याला बोलावणं यायचं. जानेवारी २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला. आपल्या भागातले काही गवंडी तिकडे शिकवायला गेले, त्यांत बाही होता. त्याला गुजराती येत नव्हतं. महिन्याभरानं एसटीडी बूथवरून त्याचा फोन आला. म्हणाला, "हितल्या भिती बी आपल्यासारख्याच हायत रं. दोन तोंडं, मधी माती." थोडा थांबला. "आता ह्यास्नी कळलं." फोनवर वाऱ्याचा आवाज येत होता. मी कितीतरी वेळ नुसता हो हो म्हणत राहिलो.

बा २०१७ साली गेला. शेवटच्या आजारपणात तो मुलांची नव्हे, भिंतींची चौकशी करायचा. मी पुण्यात बांधकामावर असतो. प्रत्येक भिंतीचा कोपरा पाहूनच पुढे जातो.

मागच्या महिन्यात सुवर्णमहोत्सवाच्या बैठकीला आलो होतो. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मी टाकीपाशी गेलो. भिंत शाबूत आहे. नवीन रंग दिलाय, दगड तसाच चार बोटं बाहेर आहे. पाचवी-सहावीतल्या दोन मुली तिथे उकिडव्या बसल्या होत्या. एकीनं खाचेत चिंचोका धरला होता आणि एका बाजूनं पांढरा होईपर्यंत घासत होती. दुसरीच्या ओंजळीत आणखी पाच-सहा होते. मी वाकून पाहायला लागलो तशी पहिली म्हणाली, "काका, सावली पडतीय. जरा सरका ना."

मी सरकलो.