मेसातलं कब्जचं घर: सकाळी नऊलाच पोचा

शिकागो कब्ज या आमच्या बेसबॉल संघाचा सराव सामना दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी होता आणि आम्ही साडेबाराला पोचलो. पहिल्या दिवशीची ही चूक आधीच सांगतो, कारण शिकागोहून जाणारी बहुतेक मंडळी हेच करतात. पार्किंगच्या रांगेत नऊपैकी पहिली इनिंग गेली. त्याहून वाईट म्हणजे ज्यासाठी इतक्या लांब जायचं ती सकाळ हातची गेली. दुसऱ्या दिवशी नऊलाच गेलो आणि तेव्हा कुठे ही सहल सुरू झाली असं मी मानतो.

फेब्रुवारीअखेर आमच्याकडे रस्त्याकडेचा बर्फ काळा पडलेला असतो. त्याच दिवसांत शिकागो कब्ज ॲरिझोनातल्या मेसा शहरात, स्लोन पार्कमध्ये मोसमाआधीचा सराव करत असतात. यंदा अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगलीहून आलेले होते आणि लेकीला शाळेची सुट्टी होती. तिघं निघालो.

नऊ वाजता मुख्य स्टेडियमकडे न जाता शेजारच्या सरावाच्या मैदानांकडे वळा. तिथे जाळीचं कुंपण आहे आणि पलीकडे खेळाडू अगदी हाताच्या अंतरावर. एक प्रशिक्षक लांब, बारीक बॅटने (तिला फंगो म्हणतात) जमिनीलगतचे चेंडू मारत होता. एक डावीकडे, एक उजवीकडे, न थांबता. समोरचा मुलगा दर वेळी वाकून उचलायचा, पाय फिरवायचा आणि फेकायचा. चाळीसेक चेंडूंत त्याने एकच सोडला, तर प्रशिक्षकाने काही न बोलता तसाच चेंडू पुन्हा मारला. तीन कॅचर (बेसबॉलचे यष्टिरक्षकच म्हणा) ओळीने बसलेले, त्यांच्या मिटमध्ये, म्हणजे जाड हातमोज्यात, चेंडू बसला की लाकूड फोडल्यासारखा आवाज यायचा. टीव्हीवर हा आवाज कधीच ऐकू येत नाही. अण्णांनी आयुष्यभर क्रिकेट पाहिलंय. ते जाळीला धरून तासभर उभे होते. म्हणाले, "हे नेट्ससारखंच आहे रे, फक्त इथे कुणी हाकलत नाही."

पाठीवर ऐंशीच्या पुढचा नंबर असलेले खेळाडू बहुतेक करून संघात जागा पक्की नसलेले, नवखे असतात. सही मागायची तर त्यांच्याकडेही मागा. लेकीच्या चेंडूवर अशाच एका पोराने सही केली, वर तिला विचारलं की तू कुठल्या जागी खेळतेस. ती दिवसभर तेवढंच सांगत होती. सरावाच्या वेळा आणि प्रेक्षकांना कुठपर्यंत जाता येतं हे मोसमाप्रमाणे बदलतं, तेव्हा निघण्याआधी बघून घ्या. सामने सुरू होण्याआधी, फेब्रुवारीच्या मध्यात गेलात तर फक्त सराव असतो, गर्दी कमी असते आणि पाहायला जास्त मिळतं. बेसबॉलवर खरं प्रेम असेल तर मी तेच आठवडे सुचवेन.

सामन्याबद्दल एक गोष्ट माहीत हवी. इथले निकाल मोसमात धरले जात नाहीत. मार्चच्या सुरुवातीला मोठा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दोन-तीन इनिंग टाकून जातो, पाचव्या-सहाव्या इनिंगपर्यंत नावाजलेले बहुतेक खेळाडू बाहेर आलेले असतात. त्यामुळे उशिरा जाणाऱ्याचं नुकसान दुप्पट. नावाजलेल्यांना जास्त वेळ पाहायचं असेल तर सराव सामने संपत येतात ते दिवस गाठा. सामना बरोबरीतही सुटू शकतो, गोंधळू नका.

अण्णांनी विचारलं, "निकाल धरत नाहीत, तर ही एवढी माणसं?" स्टेडियममध्ये पंधरा हजार मावतात आणि जागा जवळजवळ भरलेल्या होत्या. मग आऊटफिल्डमागच्या गवताच्या उतारावर चादर टाकून बसलो आणि मी त्यांना या मैदानाची हकीकत सांगितली.

कब्ज आधी कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटावर सराव करायचे, १९२१ पासून. १९५२ मध्ये मेसात आले. मधली काही वर्षं दुसरीकडे गेली, पण १९७९ पासून ते मेसाच्या होहोकॅम मैदानावर होते. २००९ मध्ये संघ रिकेट्स कुटुंबाकडे गेला आणि नव्या सराव केंद्राची मागणी पुढे आली. फ्लोरिडातलं नेपल्स त्यांना न्यायला तयार होतं. मेसाला पैसा उभा करायचा होता. कॅक्टस लीगच्या, म्हणजे ॲरिझोनात सराव करणाऱ्या संघांच्या मोसमाआधीच्या सामन्यांच्या, सगळ्या तिकिटांवर अधिभार लावायची कल्पना निघाली, ती इतर संघांनी हाणून पाडली. आपण कब्जच्या मैदानासाठी का भरायचं, हे त्यांचं म्हणणं मला रास्तच वाटतं. शेवटी शहराने स्वतःचा रस्ता काढला: शेजारच्या पिनाल काउंटीत मेसाच्या मालकीची हजारो एकर शेतजमीन होती, ती विकायची.

"जमीन विकून मैदान?" अण्णा एकदम ताठ बसले. आमची कृष्णाकाठची ऊसशेती, त्यांना ते झेपेना. मग सांगितलं की ती जमीन पिकासाठी नव्हे, पाण्यासाठी घेतलेली. पुढे शहराला पाणी कमी पडलं तर तिथलं भूजल हक्काचं असावं म्हणून १९८० च्या दशकात घेतली, नंतर दुसरीकडून पाण्याची सोय झाली आणि तिची निकड संपली. ते ऐकून अण्णा थोडे निवळले. "मग लोकांना विचारलं का?" विचारलं. नोव्हेंबर २०१० मध्ये मतदान झालं, खर्चाची मर्यादा ९ कोटी ९० लाख डॉलर ठेवलेली, आणि मेसाच्या लोकांनी मोठ्या बहुमताने होकार दिला. २७ फेब्रुवारी २०१४ ला इथे पहिला सामना झाला. २०१६ मध्ये १०८ वर्षांनी कब्ज विश्वविजेते झाले, त्या वर्षीची तयारी याच मैदानांवर झाली होती. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. एका वाळवंटी शहराने मत देऊन आमचा संघ राखला आणि दर मार्चला आम्हा शिकागोकरांना दार उघडं ठेवलं. बाहेर रिग्ली फील्डच्या, म्हणजे कब्जच्या शिकागोतल्या मैदानाच्या, लाल पाटीची प्रतिकृती आहे. तिथे फोटोला रांग असते, सकाळीच काढून घ्या.

आता व्यवहाराचं. तिकिटं थंडीतच विक्रीला येतात. कॅक्टस लीगमध्ये कब्जच्या सामन्यांना मागणी फार, शनिवार-रविवार टाळलात तर बरं. गवतावरचं तिकीट सगळ्यात स्वस्त, पण तिथे सावली नाही. कोरड्या हवेत घाम जाणवत नाही आणि माणूस भाजून निघतो. म्हाताऱ्या माणसांसाठी छताखालच्या वरच्या रांगा घ्या. अण्णांना दुसऱ्या दिवशी तिथेच बसवलं. टोपी, सनस्क्रीन, भरपूर पाणी, आणि संध्याकाळच्या सामन्याला स्वेटर, कारण सूर्य गेला की वाळवंट झटकन गार होतं. पाणी-खाणं आत नेण्याचे नियम आधी वाचा. आम्ही मेथीच्या दशम्या शेजारच्या रिव्हरव्ह्यू पार्कमध्ये तळ्याकाठी खाल्ल्या. तिथे चढण्या-उतरण्याची मोठी खेळणी आहेत, मुलं खूश होतात.

फिनिक्सच्या विमानतळापासून मेसा जवळ आहे, पण गाडी भाड्याने घ्याच. लाईट रेल थेट स्टेडियमपर्यंत जात नाही. आम्ही हॉटेल उशिरा धरलं आणि मार्चमधल्या भावाने दोन रात्री फार महाग पडल्या. तिकिटाआधी राहण्याची सोय बघा. शेजारच्या चँडलर-टेम्पी शहरांकडे उतरलात तर भारतीय वाणसामान आणि जेवण दोन्ही सहज मिळतं. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारी शिकागोशी असलेला फरक एका तासाचा दोन तास होतो. परतीच्या विमानाची वेळ दोनदा तपासा.

दोन दिवस असतील तर एक सामना जुन्या होहोकॅम स्टेडियममध्ये बघा, गाडीने थोडक्याच वेळात पोचता. २०१५ पासून तिथे ॲथलेटिक्स नावाचा बेसबॉल संघ सराव करतो. गर्दी कमी, मैदान जवळ, आणि कब्ज इतकी वर्षं इथे होते ही जाणीव.

होहोकॅम हे नाव इथे शेकडो वर्षांपूर्वी कालवे खोदणाऱ्या लोकांचं. १८७८ च्या सुमारास आलेल्या वसाहतवाल्यांनी त्यांचेच बुजलेले कालवे साफ करून पुन्हा पाणी खेळवलं. मेसातच पार्क ऑफ द कनाल्स नावाच्या बागेत त्या जुन्या कालव्यांचे अवशेष आहेत. बेसबॉलची मंडळी सहसा तिकडे जात नाहीत, आम्ही शेवटच्या संध्याकाळी अण्णांसाठी गेलो. ते पाटाच्या कडेला उकिडवे बसले, कोरडी माती चिमटीत घेऊन चोळली आणि पाटाचा उतार कुठून कुठे जातो ते बोटाने लेकीला दाखवू लागले. उजेड असताना जा. अंधार पडला की उतार दिसत नाही.