स्ट्रासबर्गच्या गाडीत, बाबांबरोबर

माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले आणि पुढे बरीच वर्षे वाफेच्या इंजिनावर फायरमन होते; त्यामुळे आई-बाबा या उन्हाळ्यात आमच्याकडे न्यू जर्सीला आले, तेव्हा त्यांना सर्वांत आधी कोठे न्यायचे हे माझ्या मनात केव्हाच ठरलेले होते. पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर परगण्यात स्ट्रासबर्ग नावाचे छोटेसे गाव आहे. तेथे रस्त्याच्या एका बाजूला राज्याचे रेल्वे संग्रहालय आहे आणि समोरच, १८३२ साली सनद मिळालेली स्ट्रासबर्ग रेल रोड आजही कोळशावर गाडी चालवते.

१९७५ साली उघडलेल्या या संग्रहालयात शंभराहून अधिक इंजिने आणि डबे आहेत, आणि त्यांतील कितीतरी पेनसिल्व्हेनिया रेलरोडने स्वतःच जपून ठेवलेली होती. एका इंजिनाखालच्या खड्ड्यात उतरता येते. बाबांनी तेथे नातवाला राखपेटी, ब्रेकचे दांडे, स्प्रिंगा एकेक करून दाखवल्या आणि रात्रपाळीत असल्याच खड्ड्यावर इंजिन उभे करून राख कशी ओढावी लागे तेही सांगितले. बाहेर आल्यावर मात्र ते म्हणाले, "सगळं चकाचक ठेवलंय, पण वास नाही."

तो वास रस्ता ओलांडल्यावर आला. फलाटाला ९० क्रमांकाचे इंजिन लागले होते. १९२४ साली फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात बांधलेल्या या इंजिनाने कोलोराडोत साखर कारखान्यासाठी बीट ओढले आणि १९६७ साली ते येथे आले. बाल्डविनचे नाव ऐकताच बाबा थांबले. आपल्याकडच्या डब्ल्यूपी वर्गाची, म्हणजे प्रवासी गाड्या ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनांची, पहिली १६ इंजिने १९४७ साली याच कंपनीने बांधून पाठवली होती, आणि बाबांची उमेदीची वर्षे डब्ल्यूपीवरच गेली. त्यांनी वाकून रुळांकडे पाहिले आणि "आपल्यापेक्षा अरुंद आहे" असे लगेच ओळखले. तेथील गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, १,४३५ मिलिमीटर, आपले १,६७६.

गाडी पॅरडाइजपर्यंत, म्हणजे साडेचार मैल जाते आणि परत येते. सगळा प्रवास पाऊण तासाचा आहे. आम्ही मुद्दाम उघड्या डब्यात बसलो. दोन्ही बाजूंना आधुनिक यंत्रे टाळणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांची मक्याची शेते आहेत, आणि एका शेतात खेचरे जुंपलेले अवजार चाललेले होते. बाबांचे लक्ष तिकडे फारसे नव्हते. ते डोळे मिटून इंजिनाचे ठोके ऐकत होते, आणि चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात, दोन सिलिंडरचे दोन-दोन, हे त्यांनी नातवाला गुडघ्यावर बोटे वाजवून मोजायला शिकवले. मध्येच बारीक शीळ ऐकू आली, तेव्हा "इंजेक्टर लागला, आता बॉयलरला पाणी जातंय" असे ते डोळे न उघडताच म्हणाले.

पॅरडाइजला इंजिन सुटते, शेजारच्या रुळावरून सगळ्या डब्यांजवळून पुढे जाते आणि दुसऱ्या टोकाला जोडले जाते. आमच्या डब्यासमोरून जाताना बाबांनी हाताने फावडे मारल्याची खूण केली. तिकडच्या तरुण फायरमनला ती बरोबर कळली. त्याने टोपी काढून हात वर केला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

ही गाडी चालू राहिली ती १९५८ साली काही रेल्वेप्रेमींनी एकत्र येऊन बंद पडू घातलेला हा मार्ग विकत घेतला म्हणून. १९६० पासून येथे पुन्हा वाफेवर गाडी चालते, आणि त्यांच्या कार्यशाळेत आता दुसऱ्या रेल्वेंच्या जुन्या इंजिनांचीही दुरुस्ती होते. बॉयलरचे काम येणारी नवी माणसे येथे अजून तयार होतात, ही गोष्ट बाबांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. भुसावळच्या शेडमधले त्यांच्या बरोबरीचे बहुतेक कारागीर आता राहिलेले नाहीत.

परतीच्या वाटेवर मुलाच्या डोळ्यात कोळशाचा कण गेला. तो डोळा चोळू लागला तेव्हा बाबांनी त्याचा हात धरला, रुमालाचे टोक ओले करून पीळ दिला आणि खालची पापणी ओढून कण अलगद टिपून घेतला. आई समोरच्या बाकावरून म्हणाली, "रोज संध्याकाळी मी यांचा असाच काढायचे."