थीम पार्कला गाडीने: साडेतीन आणि सहा वर्षांची मुलं, अडीचशे किलोमीटर, दोन मुक्काम

दोन मोठी माणसं, दोन मुलं आणि एका बाजूने अडीचशे किलोमीटर. अशा सहलीत दिवस कसा जाईल हे पार्कच्या आकारावर ठरत नाही, तिकिटात किती राइड येतात त्यावरही नाही. ते ठरतं धाकट्याच्या झोपेवर. म्हणून आखणीच उलटीकडून केली होती: दुपारची झोप आधी पक्की केली आणि बाकी सगळं तिच्याभोवती बसवलं. आदल्या दिवशी दुपारी निघायचं, पार्कपासून पंधरा-वीस मिनिटांवर राहायचं, सकाळी दारं उघडायच्या आधी पोहोचायचं, दुपारी खोलीवर परतायचं आणि घरचा रस्ता तिसऱ्या दिवशी सकाळी धरायचा. सगळं एकाच दिवसात उरकायला गेलं की परतीच्या रस्त्यावर मुलंही थकलेली असतात आणि चालवणाराही, आणि त्यातला धोका चालवणाऱ्याच्या थकव्याचा असतो.

निघण्याआधी टायरची हवा गाडी थंड असताना तपासा. भरलेल्या गाडीसाठी आकडा वेगळा असतो, तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर सापडतो. मुलाची कार सीट, गाडीचा पट्टा तिच्यातून जिथून जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळून बसवा. हार्नेस, म्हणजे मुलाला सीटमध्ये बांधणारे पट्टे, आवळल्यावर खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरता येता कामा नये. जाड जॅकेट घालून मूल सीटमध्ये बसवू नका. धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टा तेवढाच सैल पडतो. गारवा असेल तर आधी पट्टा लावा, मग वरून पांघरूण घाला.

नकाशा साडेचार तास सांगत असेल तर सहा धरा. दर दीड ते दोन तासांनी वीस मिनिटांचा थांबा लागतोच. थांब्यावर "शू आली का?" असं विचारू नका, उत्तर हमखास "नाही" येतं आणि दहा किलोमीटरवर गाडी पुन्हा थांबते. सगळ्यांनी उतरायचं, सगळ्यांनी जायचं, असाच नियम ठेवा. आणि मुलं पळाल्याशिवाय थांबा पुरा झाला असं समजू नका. दुपारी निघाल्याने मूल गाडीत झोपतं, पण दोन ते चार ही वेळ मोठ्यांनाही पेंग आणणारी असते. चालवणाऱ्याने हलकं जेवावं आणि पहिल्या थांब्यावर चालक बदलावा.

गाडी लागणं दोन ते बारा या वयात जास्त दिसतं. आतल्या कानाला हालचाल कळते, पण पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये खुपसलेल्या डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, आणि या गोंधळातून मळमळ सुरू होते. म्हणून वळणांच्या रस्त्यावर पुस्तक आणि मोबाइल बंद, गोष्टी आणि गाणी चालू. शक्य असेल तर लागणाऱ्या मुलाची सीट मधे बसवा, म्हणजे त्याला समोरच्या काचेतून रस्ता दिसेल. रिकामं पोट आणि गच्च भरलेलं पोट, दोन्ही वाईट. मूल अचानक गप्प झालं, जांभया देऊ लागलं, तोंड पांढरं पडलं, लाळ सुटली, की हातात दोन-तीन मिनिटंच उरतात. औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि त्याआधी एकदा घरी देऊन पाहा. काही मुलं त्याने झोपण्याऐवजी चेकाळतात. कपड्यांचा पूर्ण जोड, जुना टॉवेल आणि झिपच्या पिशव्या डिकीत नको, पुढच्या सीटखाली हव्यात. हार्नेसचे पट्टे पाण्यात भिजवू नका, ओल्या फडक्याने पुसा, कारण धुण्याने त्यांचे धागे कमजोर होऊ शकतात. गाडी चालू असताना अख्खी द्राक्षं किंवा शेंगदाणे देऊ नका. मागे बसलेल्या मुलाच्या घशात काही अडकलं तर आवाज येत नाही.

उंचीचं प्रकरण घरीच मिटवा. पार्कच्या संकेतस्थळावर राइडनुसार किमान उंची दिलेली असते. भिंतीला उभं करून मोजा आणि यादीतून चालणाऱ्या राइड तेवढ्याच मुलांना दाखवा. रांगेत चाळीस मिनिटं उभं राहिल्यावर मापाच्या काठीपाशी परत पाठवलेल्या मुलाची समजूत काढणं फार जड जातं. टाचा उंच करून किंवा जाड तळव्याचे बूट घालून माप गाठायचा प्रयत्न कृपा करून करू नका. ती रेष मुलाच्या हौसेसाठी आखलेली नसते. अडवणारा दांडा ठरावीक बांध्याच्या शरीराला धरेल अशा बेताने बसवलेला असतो.

आता रांगांचं गणित, कारण इथेच सकाळ वाया जाते. मोठ्या राइडची लांब रांग बघून लोक तिकडे धावतात. पण लहान मुलांच्या छोट्या चक्राचा हिशेब बघा: 20 जागा, दोन मिनिटं फिरणं, तीन मिनिटं चढणं-उतरणं. म्हणजे तासाला 12 फेऱ्या, 240 मुलं. पुढे 120 जण असतील तर अर्धा तास गेला. जिथे डबे न थांबता सरकत राहतात, तिथे तासाला दोन हजार माणसंही जातात. तेवढेच 120 जण तिथे चार मिनिटांत पुढे सरकतात. म्हणून दारं उघडताच पहिला तास छोट्या, कमी जागांच्या राइडना द्या. न थांबणाऱ्या राइड आणि बंदिस्त सभागृहांतले खेळ अकरानंतरच्या उन्हासाठी राखून ठेवा. थोरल्याला मोठ्या राइडवर न्यायचं असेल तर रांगेत शिरण्याआधी दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारा: बऱ्याच पार्कांत एक पालक बसून आला की दुसऱ्याला नव्याने रांग न लावता बसता येतं, आणि थोरल्याला कधीकधी दोन फेऱ्या मिळतात.

17 जुलै 1955 रोजी अमेरिकेत अनाहाइमला डिस्नीलँड हे थीम पार्क उघडलं तेव्हा कडक ऊन होतं, पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे होते आणि नव्या डांबरात बायकांच्या टाचा रुतत होत्या. आज नळ भरपूर असतात, पण डांबर तसंच तापतं आणि लहान मूल त्याच्या जास्त जवळ असतं. दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाजा, तहान लागायची वाट पाहू नका. सनस्क्रीन बाहेर पडण्याआधी 15 ते 30 मिनिटं, मग दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी पाण्यातून आल्यावर. बाबागाडीवर पातळ कापड पांघरू नका. सावली होते खरी, पण हवा कोंडते आणि आतली गरमी वाढते.

पाण्याच्या भागात पोहण्याचे डायपर फक्त शी अडवतात, शू नाही, त्यामुळे दर तासाला स्वच्छतागृहाची फेरी हवीच. लाटांच्या तलावात मूल हाताच्या अंतरावर हवं, लाइफ जॅकेट असलं तरी.

सकाळी आत शिरताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांत आणि बुटांसकट फोटो काढा. मनगटाच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहा. मुलाला सांगून ठेवायचं ते एवढंच: हरवलास तर तिथेच थांब, नावाचा बिल्ला लावलेल्या माणसाला सांग, बाहेरच्या दाराकडे जाऊ नकोस. मूल दिसेनासं झालं तर दोघांनी दोन दिशांना पळू नका. एकाने शेवटच्या जागी उभं राहायचं, दुसऱ्याने सर्वांत जवळच्या कर्मचाऱ्याला लगेच फोटो दाखवायचा.

साडेबाराला बाहेर पडा, मुलं हसत असली तरी. रडायला लागल्यावर निघालं की उशीर झालेला असतो. गाडी कोणत्या रांगेत आहे त्याचा फोटो सकाळीच काढलेला असू द्या. उन्हात उभ्या गाडीची दारं उघडून दोन-तीन मिनिटं हवा जाऊ द्या, मगच मुलांना बसवा. त्याआधी बक्कलचा धातू स्वतःच्या बोटाने तपासा, तो चटका देण्याइतका तापतो. आणि पैसे, सामान, काहीही असो, "एकच मिनिट" म्हणून मूल बंद गाडीत ठेवू नका. उन्हात पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान सुमारे दहा अंशांनी चढतं, काच किंचित उघडी ठेवूनही फारसा फरक पडत नाही.

तिसऱ्या दिवशी नाश्ता करून निघा. वाटेत पेंग आली तर थांबून कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं डोळे मिटा. कॉफीचा अंमल चढायला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा उपयोग होतो. दुसरा मोठा माणूस तेवढा वेळ मुलांना गाडीबाहेर सावलीत खेळवतो.