दारातलं डांबर

मे महिन्यात सोलापुरातल्या होटगी रोडवरच्या आमच्या कार-स्टिरिओच्या दुकानात दुपारी कुणी गिऱ्हाईक फिरकत नाही. त्या दिवशी मात्र भर उन्हात एकजण गाडी घेऊन हजर. मागच्या सीटवर वडील, डोक्याला उपरणं गुंडाळलेले.

"मालक, हा दहा इंची सबवूफर काढा, बारा इंची टाका. बेसच नाही ह्याला." सबवूफर, म्हणजे आमच्या भाषेत सब, हा खालच्या धुमधुमीचा मोठा स्पीकर.

"बेस नाही" म्हणत येणाऱ्याला मोठा सब गळ्यात बांधणं हा आमच्या लाईनीतला सगळ्यात सोपा धंदा. मी आधी गाणं लावलं. सब डिकीत नुसता धडधडत होता. त्याला जितका चढवता येईल तितका चढवला होता. पुढची दारं चिरचिरत होती. सब बंद करून बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला, तर आवाज भरला. उजवीकडे नेला, तरी भरला. मध्ये आणला की पुन्हा पोकळ. म्हणजे एका दाराच्या स्पीकरची प्लस-मायनस उलटी. एका स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो आणि दोघं मिळून बेस खाऊन टाकतात.

"पण स्टिरिओवर ५० गुणिले ४ वॉट लिहिलंय की!"

लिहिणाऱ्याचं काय जातंय. तो आकडा क्षणभराचा. सलग मिळतात १५ ते २०.

उजव्या दाराचं पॅड काढलं आणि दुकानातलं पोरगं ओरडलं, "अण्णा, हे बघा की!" गच्चीच्या गळतीला लावतात ती डांबरी शीट कुणीतरी डॅम्पिंग म्हणून, म्हणजे पत्र्याची थरथर दाबायला, चिकटवली होती. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, त्यात बंद गाडीचा पत्रा हात लावू देत नाही. डांबर पाघळून खाली ओघळलं होतं, दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजली होती. एक पावसाळा गेला असता तर पत्राच सडला असता. वर कंपनीचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा सॉकेट, कापून वायरी नुसत्या पिळून टेप मारलेली, तीही चिकट होऊन सुटलेली. स्टिरिओकडून पुढच्या उजव्या स्पीकरला राखाडी वायर प्लस आणि काळ्या पट्ट्याची राखाडी मायनस येते. दाराच्या आत मात्र गाडीच्या कंपनीचे रंग वेगळे. फिटिंगवाल्याने अंदाजपंचे जोडलं होतं.

स्टिरिओच्या बाजूने वायरी सोडवून पेन्सिल सेल टेकवला. प्लसला प्लस लागलं की कोन बाहेर यायला हवा. हा टचकन आत गेला. डाव्या दाराचा बाहेर आला. गिऱ्हाइकाला दोन्ही वाकून बघायला लावले.

डांबर खरवडण्यातच दुपार गेली. रॉकेलचं फडकं, मग स्पिरिट, मग बुटिल रबराची शीट रोलरने दाबून बसवली, कारण बुटिल आपल्या उन्हात टिकतं. स्पीकरखाली पीव्हीसीची रिंग, वायरींना नवा कपलर. दारांना ८० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याच्या वरचेच सूर दारांकडे, सबला तिथेच लो-पास, म्हणजे खालचेच सूर सबकडे, आणि सबचा चढवलेला गेन, म्हणजे जोर, निम्म्याहून खाली.

वडील म्हणाले, "भजन लावा." पखवाजाची धुम लागली ती थेट समोरच्या काचेपाशी, मागे सब आहे हे सांगावं लागलं.

बारा इंची काही विकला गेला नाही. बुटिल आणि मजुरीचं बिल झालं, आणि त्यावर घासाघीस करण्यात वडील मुलापेक्षा पक्के निघाले.